गच्चीवरचं सोलर: जास्तीची वीज जाते कुठे आणि पैसे मिळतात किती

गच्चीवर सोलर बसवायचा विषय निघाला की पहिला प्रश्न विक्रीचा येतो. उरलेली वीज महावितरणला दिली तर महिन्याला किती सुटतील? प्रश्न रास्त आहे, पण तो सगळ्यात शेवटी विचारायचा आहे. महाराष्ट्रातल्या घरगुती ग्राहकाला वर्षाअखेरीस उरलेल्या युनिटमागे साधारण तीन रुपयांच्या आगेमागे मिळतात. याउलट जे युनिट महावितरणकडून घ्यावंच लागलं नाही, त्यामागे सहापासून पंधरा रुपयांपर्यंत वाचतात. सोलरचं सगळं अर्थकारण या दोन आकड्यांमधल्या फरकात आहे. तरी विकणारे लोक नेमकं उलटं सांगतात, कारण मोठी सिस्टीम विकली की त्यांचा धंदा मोठा होतो.

यंत्रणा तशी साधी आहे. पॅनेलवर ऊन पडलं की डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी, वीज तयार होते, इन्व्हर्टर नावाचं यंत्र तिचं घरात चालणाऱ्या एसी विजेत रूपांतर करतं आणि ती घराच्या वायरिंगमध्ये येते. एक किलोवॅटच्या पॅनेलला साधारण शंभर चौरस फूट सावली नसलेली जागा लागते. आपल्याकडच्या उन्हात एक किलोवॅटमागे दिवसाला सरासरी चार युनिट धरायचे, म्हणजे महिन्याला ११५ ते १२०. ही सरासरी आहे हे विसरायचं नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये आकडा वर जातो, जुलै-ऑगस्टमध्ये घाटमाथ्यावर आणि कोकणात तो अर्ध्यावर येतो.

बऱ्याच जणांना वाटतं मे महिन्यात सगळ्यात जास्त वीज मिळत असेल. तसं बहुधा होत नाही. पॅनेलला ऊन हवं असतं, उष्णता नको असते. पॅनेलवर लिहिलेली क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते. मे महिन्याच्या दुपारी गच्चीवरचं पॅनेल साठ अंशांच्या पुढे तापतं, आणि वरच्या प्रत्येक अंशामागे उत्पादन ०.३ ते ०.४ टक्के घटतं. म्हणजे तेवढ्या तापलेल्या पॅनेलचं दहा-बारा टक्के उत्पादन नुसत्या तापण्यात जातं. पॅनेल स्लॅबला चिकटवून न बसवता खालून हवा खेळेल असं उंचावर बसवायचं एक कारण हेही आहे.

उरलेली वीज जाते कुठे

दुपारी एक वाजता तीन किलोवॅटचं सोलर समजा अडीच किलोवॅट वीज देतंय. घरात फ्रिज, दोन पंखे आणि राउटर मिळून अर्धा किलोवॅट लागतोय. उरलेले दोन किलोवॅट मीटरमधून बाहेर पडतात आणि जवळच्या घरांमध्ये वापरले जातात. शेजाऱ्यांची गिरणी, पलीकडच्या घरातला मिक्सर, कोपऱ्यावरच्या दुकानातला फ्रीझर. ही वीज आधी सबस्टेशनला जाऊन मग परत येत नाही. जिथे मागणी असेल तिथे, आणि शक्यतो जवळच, ती संपते.

वीज बाहेर ढकलायची तर इन्व्हर्टरला लाइनपेक्षा किंचित जास्त व्होल्टेज ठेवावं लागतं. लाइनच्या अगदी शेवटच्या टोकाला असलेल्या घरांमध्ये, विशेषतः एकाच ट्रान्सफॉर्मरवर बरीच सोलर असतील तर, भर दुपारी व्होल्टेज इतकं चढतं की इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो आणि थोड्या वेळाने परत चालू होतो. ऊन कडक, आणि ॲपमधला उत्पादनाचा आलेख मात्र करवतीच्या दातांसारखा दिसतो तो यामुळे. पॅनेलमध्ये खोट नसते. अशा वेळी सोलरवाल्याशी भांडण्यापेक्षा लाइनमनला बोलावून भर दुपारी मीटरजवळचं व्होल्टेज मोजून घ्यावं.

आता सगळ्यात जास्त अपेक्षाभंग करणारी गोष्ट. लाईट गेली की हे सोलरही बंद पडतं. बॅटरी नसलेली, थेट लाइनला जोडलेली सिस्टीम ग्रिडमध्ये, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनमध्ये, वीज असेल तरच चालते. हा नियम सुरक्षेसाठी आहे. वीज बंद आहे असं समजून खांबावर चढलेल्या लाइनमनला तुमच्या गच्चीवरून गेलेल्या विजेचा धक्का बसू नये, म्हणून इन्व्हर्टरने क्षणात थांबायचं असतं. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज घालवतात. त्या गुरुवारी कितीही लख्ख ऊन असलं तरी बिनबॅटरीच्या सोलरचा उपयोग शून्य. लाईट गेल्यावरही घर चालायला हवं असेल तर हायब्रिड, म्हणजे बॅटरीवरही चालणारा, इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, आणि खर्च चांगलाच वाढतो. ज्यांच्याकडे वीज क्वचित जाते त्यांनी या भानगडीत पडू नये असं माझं मत आहे. ज्यांच्याकडे रोज दोन-चार तास जाते, त्यांनी मात्र बिनबॅटरीचं सोलर घेण्याआधी दोनदा विचार करावा. सोलर चालू असण्याचे तासच कमी होतात.

नेट मीटर आणि बिल

सोलर बसलं की जुना मीटर जाऊन दोन्ही बाजूंनी मोजणारा नेट मीटर येतो. त्यात दोन मुख्य आकडे असतात. लाइनवरून घरात आलेली वीज म्हणजे इम्पोर्ट, घरातून लाइनला गेलेली म्हणजे एक्स्पोर्ट. सोलरने एकूण किती वीज बनवली हे यांतल्या कुठल्याच आकड्यात दिसत नाही, कारण जी वीज तयार झाली आणि घरातच वापरली गेली ती नेट मीटरपर्यंत पोचतच नाही. त्यासाठी वेगळा जनरेशन मीटर किंवा इन्व्हर्टरचं ॲप बघायचं. ‘माझं सोलर ३६० युनिट बनवतं आणि बिलात २५०च दाखवलेत, ११० कुणी खाल्ले?’ या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा एवढंच असतं की ते तुम्हीच वापरलेत.

एक महिना घेऊ. घराचा वापर ३०० युनिट. सोलरने बनवले ३६०. त्यातले ११० दिवसा घरातच लागले, २५० बाहेर गेले. रात्री आणि पहाटे लाइनवरून घेतले १९०. बिलात इम्पोर्ट १९०, एक्स्पोर्ट २५०. वजाबाकी करून ६० युनिट तुमच्या नावावर जमा. हे जमा होतात ते युनिट म्हणून. त्या महिन्यात विजेचा आकार शून्य लागतो, पण स्थिर आकार, म्हणजे वापर असो-नसो दरमहा लागणारी रक्कम, भरावाच लागतो. ‘बिल शून्य’ असं कुणी सांगत असेल तर स्थिर आकाराचं काय, एवढं विचारावं.

इथे दरांचा स्लॅब, म्हणजे टप्पा, कामाला येतो. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात. ऊर्जा आकार (विजेचा) आणि वहन आकार (ती घरापर्यंत आणण्याचा) मिळून पहिल्या १०० युनिटना सहा रुपयांच्या आसपास, १०१ ते ३०० ला अकरा रुपयांच्या वर, ३०१ ते ५०० ला पंधराच्या आसपास, आणि त्यापुढे आणखी. वर १६ टक्के वीज शुल्क. दरपत्रक बदललं की पैसे मागेपुढे होतात, चढण तीच राहते. सोलर हे युनिट वरच्या, महागड्या टप्प्यापासून खाली कापत येतं. ४५० युनिट वापरणाऱ्या घरात सोलरचे पहिले दीडशे युनिट पंधरा रुपयेवाले वाचवतात, पुढचे दोनशे अकरावाले आणि शेवटचे शंभर फक्त सहावाले. म्हणून सोलरचा पहिला किलोवॅट सगळ्यात जास्त कमावतो आणि नंतरचा प्रत्येक किलोवॅट त्याहून कमी. घराच्या गरजेपलीकडचा किलोवॅट जेमतेम तीन रुपयांची वीज बनवतो.

३१ मार्चची गंमत

जमा झालेले युनिट पुढच्या महिन्यात वापरता येतात, पण आर्थिक वर्ष संपेपर्यंतच. ३१ मार्चला जे उरले असतील ते वीज कंपनी महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने ठरवून दिलेल्या दराने विकत घेते, रक्कम सहसा पुढच्या बिलात वळती होते, आणि १ एप्रिलला तुमचं खातं पुन्हा शून्यावरून सुरू होतं.

ही तारीख आपल्या हवामानाला अगदीच अडचणीची आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये आकाश निरभ्र, पॅनेल थंड, उत्पादन भरपूर, आणि एसी अजून चालू झालेला नाही. म्हणजे वर्षातले चांगले युनिट ऐन त्याच वेळी साठतात. समजा या दोन महिन्यांत मिळून २६० युनिट शिल्लक पडले. ३१ मार्चला त्यांचे पावणेआठशे-आठशे रुपये मिळाले. एप्रिल आणि मेमध्ये एसीमुळे वापर महिन्याला ५४० वर गेला आणि सोलरने दिले ३९०. दर महिन्याला १५० युनिट विकत घ्यावे लागले. वरच्या दरांनी आणि वीज शुल्क धरून दोन महिन्यांचे स्थिर आकाराशिवाय अडीच हजारांच्या पुढे जातात. तेच २६० युनिट एप्रिलमध्ये चालले असते तर अडीचशे-तीनशेत भागलं असतं.

या तारखेवर ग्राहकाच्या हातात फारसं काही नाही. मार्चअखेर शिलकी युनिट दिसत असतील तर स्वयंपाक काही दिवस इंडक्शनवर करा, गिझर गॅसचा असेल तर विजेचा वापरा, इलेक्ट्रिक स्कूटर घरीच चार्ज करा. तीन रुपयांना विकण्यापेक्षा सिलिंडर वाचवलेला बरा. माहितीतल्या एका आजींनी तर मार्चमध्ये पापड-कुरडयांचं सगळं पीठ घरच्या चक्कीवर दळून काढलं.

मग किती किलोवॅटचं बसवायचं

बिलावर मागच्या महिन्यांच्या वापराचा आलेख छापलेला असतो. बारा महिन्यांचे युनिट काढा आणि बेरीज करा. त्या बेरजेला १,४०० ने भागा. येईल तो आकडा म्हणजे तुम्हाला लागणारे किलोवॅट. वर्षाला ३,६०० युनिट लागत असतील तर उत्तर अडीचच्या जरा वर येतं. तीन किलोवॅट बसवा आणि थांबा. दोन वर्षांत इलेक्ट्रिक गाडी किंवा दुसरा एसी येणार हे पक्कं असेल तर एखादा किलोवॅट वाढवायला हरकत नाही. ‘पुढेमागे लागेल’ एवढ्यावर वाढवू नये. गच्चीवर जागा आणि इन्व्हर्टरमध्ये वाव ठेवला तर पॅनेल नंतर जोडता येतात, फक्त त्यासाठी परवानगी पुन्हा घ्यावी लागते.

अनुदानाची रचनासुद्धा हेच सुचवते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, असे कमाल ७८ हजार रुपये केंद्र सरकार देतं. तीनच्या पुढे पाच बसवा नाहीतर दहा, अनुदान ७८ हजारच. योजनेचं लक्ष्य देशभरातल्या एक कोटी घरांचं आहे आणि अंमलबजावणीत गुजरातपाठोपाठ महाराष्ट्र पुढे आहे. सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातलं मान्याचीवाडी हे राज्यातलं पहिलं सौरग्राम ठरलं ते याच काळात. महिन्याला शंभर युनिटच्या आत वापर असलेल्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरांसाठी राज्य सरकारची वेगळी पूरक मदत आहे, त्यामुळे एक किलोवॅटचं सोलर त्यांना फार थोड्या पैशांत पडतं.

तीन किलोवॅटची चांगली सिस्टीम दीड ते दोन लाखांच्या दरम्यान पडते. अनुदान वजा करून खिशातून पाऊण ते सव्वा लाख जातात. महिन्याला तीनशे युनिट वापरणाऱ्या घराचं वीजबिल तीन हजारांच्या घरात असतं, म्हणजे दोन ते चार वर्षांत पैसे वसूल. सरकारी बँका तीन किलोवॅटपर्यंतच्या सिस्टीमला दोन लाखांपर्यंत तारणाशिवाय कर्ज देतात आणि त्याचा व्याजदर साध्या वैयक्तिक कर्जापेक्षा बराच कमी असतो. हप्ता आणि वाचलेलं बिल जवळपास सारखं येत असेल तर पैसे साठायची वाट बघत बसण्यात अर्थ नाही.

कागदपत्रांत अडकतं ते इथे

अर्ज सूर्यघर योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर, ग्राहक क्रमांक टाकून करायचा. नोंदणीकृत पुरवठादार निवडायचा, त्याने सोलर बसवायचं, वीज कंपनीने तपासणी करून नेट मीटर लावायचा, मग अनुदान थेट बँक खात्यात. हे सगळं ऐकायला सरळ आहे. प्रत्यक्षात निम्म्या घरांत पहिलीच ठेच लागते: बिल अजून आजोबांच्या नावावर असतं आणि आजोबा जाऊन पंधरा वर्षं झालेली असतात. बिलावरचं नाव, अर्जदार आणि बँक खातं जुळलं नाही तर अनुदान अडकतं. सोलरचं कोटेशन मागवण्याआधी नाव बदलून घ्या, थकबाकी असेल तर भरून टाका.

दुसरी अडचण मंजूर भाराची, म्हणजे वीज कंपनीने तुमच्या जोडणीला ठरवून दिलेल्या किलोवॅटच्या मर्यादेची. जुन्या घरांचा मंजूर भार एखाद-दुसरा किलोवॅट असतो आणि सोलर त्याहून मोठं बसवायचं असतं. यासाठी पूर्वी खेटे घालावे लागत. २०२४ च्या केंद्रीय नियमांनी दहा किलोवॅटपर्यंतच्या घरगुती सोलरला वेगळी तांत्रिक तपासणी लागत नाही, अर्ज मान्य झालाच असं धरलं जातं आणि भारही त्यानुसार वाढवून मिळतो. पाच किलोवॅटपर्यंत लाइनमध्ये काही मजबुतीकरण करावं लागलं तर तो खर्चही वीज कंपनीचा. भार वाढला की स्थिर आकार बदलतो का, तेवढं मात्र विचारून घ्या.

अनुदान हवं असेल तर पॅनेल आणि त्यातले सेल दोन्ही भारतात बनलेले लागतात. बाजारात यांना डीसीआर पॅनेल म्हणतात. बिगर-डीसीआर पॅनेल स्वस्त असतात आणि कधी कधी कोटेशनमध्ये गुपचूप तीच धरलेली असतात. कोटेशनमध्ये पॅनेलची कंपनी, मॉडेल आणि ‘डीसीआर’ हा शब्द लिहून घ्या, बसवताना मागच्या बाजूचे अनुक्रमांक मोबाइलवर टिपून ठेवा.

पॅनेलपेक्षा दुर्लक्ष होतं ते खालच्या सांगाड्याकडे. कोकणात खारा वारा पातळ रंगवलेलं लोखंड दोन-तीन पावसाळ्यांत खातो, तिथे गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, सांगाडाच हवा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने अलिबाग-मुरूड-श्रीवर्धन पट्ट्यात पत्रे कसे उडवले ते ज्यांनी पाहिलंय त्यांना पॅनेलच्या बोल्टांबद्दल वेगळं सांगायला नको. स्लॅबला भोकं पाडून बोल्ट मारले तर गळतीची जबाबदारी कुणाची, हे आधी कागदावर आणा. सिमेंटचे ठोकळे ओतून त्यावर सांगाडा उभा करणं थोडं महाग पडतं, पण गळती होत नाही.

आणि सावली. पॅनेल एकामागोमाग एक जोडलेली असतात, त्यामुळे पाण्याच्या टाकीची सावली एकाच पॅनेलच्या कोपऱ्यावर पडली तरी फटका साऱ्या रांगेला बसू शकतो. घाटात पुढचा ट्रक बंद पडला की मागच्यांचं जे होतं तेच. सोलरवाल्याकडून जागा बघायला आलेला माणूस सकाळी अकराला येऊन ‘सावली नाही’ म्हणून जातो. तुम्ही डिसेंबरात दुपारी चारला गच्चीवर जाऊन बघा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि टाकीची सावली दुप्पट लांब पडते. टाकी हलवता येत असेल तर हलवावी, नाहीतर मायक्रो-इन्व्हर्टरचा, म्हणजे प्रत्येक पॅनेलला वेगळ्या छोट्या इन्व्हर्टरचा, वाढीव खर्च करायची तयारी ठेवावी. धूळ आणि कबुतरं यांचा बंदोबस्त मात्र घरच्या घरी होतो: पंधरा दिवसांतून एकदा पहाटे साध्या पाण्याने पॅनेल धुवायची. तापलेल्या काचेवर दुपारी गार पाणी ओतू नका.

फ्लॅटवाल्यांचं काय

गच्ची सगळ्यांची, म्हणून एकट्याला तिथे सोलर लावायचं तर सोसायटीची संमती लागते, आणि ती मिळवणं हा किलोवॅटचा नसून मनुष्यस्वभावाचा विषय आहे. सोसायटीला त्याहून सोपं पडतं ते सामायिक मीटरवर सोलर घालणं. लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्यातले दिवे यांचं बिल प्रत्येकाच्या मेंटेनन्समध्ये वाटलेलं असतंच. ते कमी झालं की फायदाही आपोआप वाटला जातो. सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटला १८ हजार रुपये अनुदान आहे, कमाल ५०० किलोवॅटपर्यंत, आणि गाडी चार्जिंगची सोयही त्यात धरता येते. मुंबईत वीज अदानी, टाटा किंवा बेस्टची असली तरी योजना तीच, फक्त नेट मीटर आणि बिलाचा व्यवहार त्या त्या कंपनीशी.

नेट मीटरला नेट बिलिंग हा दुसरा पर्याय आहे. त्यात सोलरचे युनिट आणि वापराचे युनिट एकमेकांतून वजा होत नाहीत. बनलेली वीज ठरलेल्या कमी दराने कंपनीला विकायची आणि लागणारी नेहमीच्या दराने घ्यायची, असा सौदा असतो. घरगुती ग्राहकाला यात सहसा हित नाही. अर्ज भरताना कुठल्या पर्यायावर खूण केली आहे ते स्वतः वाचा.

दिवसाच्या विजेची किंमत हळूहळू उतरत चालली आहे. राजस्थान-गुजरातपासून आपल्या राज्यापर्यंत मोठे सौर प्रकल्प दुपारी भरपूर वीज ओततात, आणि संध्याकाळी सातला, सगळ्यांचे दिवे-टीव्ही-एसी लागतात तेव्हा, सूर्य मावळलेला असतो. वीज कंपन्यांना म्हणूनच दुपारचं युनिट स्वस्त आणि संध्याकाळचं महाग करायचं आहे. वेळेनुसार दर लावणारे मीटर हे त्याच दिशेचं पाऊल. एकास एक वजाबाकी घरगुती ग्राहकाला कायम मिळेलच याची हमी कुणी देऊ शकत नाही. त्यावर तोडगा एकच, तोही फुकटचा: वॉशिंग मशीन, पाण्याचा पंप, इस्त्री, गाडीचं चार्जिंग सकाळी दहा ते दुपारी चारच्या मध्ये आणायचं. जे युनिट मीटर ओलांडून बाहेर गेलंच नाही, त्याचा दर कुठलाच आयोग बदलू शकत नाही.